घरी बनवलेल्या टर्बाइनची मोजमापे जुळत नसतील तर

प्लास्टिकचे चमचे, डब्याचे झाकण आणि सायकलची स्पोक यांपासून बनवलेल्या चाकावर, म्हणजे घरगुती टर्बाइनवर, पाण्याची धार सोडली की ते फिरते आणि बघणाऱ्यांना समाधानही वाटते. अडचण सुरू होते ती मोजमापे घेताना. काल आठ चमच्यांचे चाक सर्वांत सरस ठरले होते, आज तेच सहा चमच्यांच्या चाकामागे पडते आणि तिसऱ्या दिवशी दोन्हींत काही फरकच दिसत नाही. शालेय प्रकल्पांना मार्गदर्शन करताना ही तक्रार दर वर्षी माझ्यापर्यंत येते आणि बहुधा तिच्यासोबत उपायही ठरवून आणलेला असतो, तो म्हणजे चाक नव्याने बनवायचे. त्या श्रमांचा सहसा उपयोग होत नाही, कारण दोष चाकात क्वचितच असतो; ज्या मांडणीवर चाकाची परीक्षा घेतली जाते तिच्यात तो दडलेला असतो. दोन रचनांमधील खरा फरक थोडा आणि मांडणीतील चढउतार त्याहून मोठे, अशी स्थिती असेल तर कितीही सुबक चाक बनवले तरी आकडे जुळणार नाहीत.

मागच्या हंगामात इयत्ता नववीच्या दोन विद्यार्थिनी प्रकल्पवही घेऊन आल्या होत्या. त्यांच्या तक्त्यानुसार चार चमच्यांचे चाक पहिले, त्यानंतर सहाचे, मग आठचे आणि शेवटी बाराचे. म्हणजे चमचे वाढवत जावे तशी शक्ती घटत जाते. निष्कर्ष सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता आणि आलेखही काढलेला होता. चाके कोणत्या क्रमाने तपासली, असे विचारल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिले. चार, सहा, आठ, बारा, अशी एकामागून एक, एकाच बादलीच्या पाण्यावर तपासली होती. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग बारापासून सुरू करून चारपर्यंत आणायला सांगितला, तेव्हा बारा चमच्यांचे चाक पहिले आले आणि चारचे शेवटचे. "सर, मग आधीची पाने फाडून टाकायची का?" असे त्यांतील एकीने विचारले. ती पाने मी जपून ठेवायला सांगितली, कारण उलटसुलट आलेल्या त्या दोन तक्त्यांमुळेच बिघाड कुठे शोधायचा हे कळले होते. निकाल तपासणीच्या क्रमामागे जात होता, म्हणजे प्रयोग चालू असताना काहीतरी हळूहळू बदलत होते.

म्हणून कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी एकच चाक, काहीही न बदलता, लागोपाठ पाच वेळा चालवून पाहावे आणि पाचही वेळा चाकाला दोऱ्याने सारखेच वजन उचलायला (त्याची रीत पुढे दिली आहे) लागलेला वेळ लिहून ठेवावा. हे आकडे एकाच दिशेने सरकत असतील, म्हणजे प्रत्येक खेपेला वेळ थोडा थोडा वाढत असेल, तर बादलीची पातळी, खालचा टब किंवा आस यांपैकी एकावर संशय घ्यावा. आकडे कधी वर तर कधी खाली जात असतील, तर नोझलची (धार सोडणाऱ्या तोटीची) जागा आणि वेळ मोजण्याची पद्धत तपासावी. एवढ्या एका चाचणीने निम्मे काम होते.

बादलीतील पाणी

सर्वाधिक वेळा सापडणारे कारण हेच आहे. बादलीच्या तळाशी भोक पाडून तिथूनच धार घेतली आणि सुरुवातीला पाणी भोकापासून ३० सेंटिमीटर उंच असले, तर पातळी १५ सेंटिमीटरवर येईपर्यंत धारेचा वेग मूळ वेगाच्या सुमारे ७१ टक्के उरतो. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ही घट फारशी वाटत नाही. मात्र धारेतून मिळणारी शक्ती वेगावरही अवलंबून असते आणि विसर्गावरही (दर सेकंदाला बाहेर पडणाऱ्या पाण्यावरही), आणि दोन्ही एकाच वेळी घटतात; त्यामुळे पातळी निम्मी झाली की शक्ती ३५ टक्क्यांवर येते आणि पातळी पाव झाली की ती एक अष्टमांश उरते. चार चाके एकामागून एक तपासताना शेवटच्या चाकाला पहिल्या चाकाच्या तुलनेत किती अपुरी धार मिळत होती, याचा यावरून अंदाज यावा.

पहिला उपाय सोपा आहे: बादली स्टुलावर किंवा माळ्यावर चढवावी आणि नळीने धार खाली आणावी, कारण उंची मोजायची ती पाण्याच्या पृष्ठभागापासून नोझलपर्यंत. पृष्ठभाग नोझलपासून ८० सेंटिमीटर वर असेल आणि पातळी १५ सेंटिमीटरने उतरली, तर शक्ती जवळपास २७ टक्क्यांनी घटते. आधीपेक्षा ही घट पुष्कळ कमी असली, तरी दोन रचनांची तुलना करण्यासाठी ती अजूनही फार आहे. खरा उपाय म्हणजे पातळी उतरूच न देणे. बादलीच्या काठाखाली चार बोटांवर दुसरे, चांगले रुंद भोक पाडून त्यात अडीच सेंटिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवावा आणि एम-सीलने सांधा बंद करावा. नोझलमधून जाते त्यापेक्षा थोडे अधिक पाणी वरून ओतत राहिले की जास्तीचे पाणी या पाइपातून शेजारच्या बादलीत पडते आणि पातळी काही मिलिमीटरच्या आत स्थिर राहते. वरून ओतण्याचे काम एका विद्यार्थ्याने मगाने केले तरी चालते. पाइपातून पाणी सतत सांडत आहे एवढेच त्याने पाहायचे. कूलरचा छोटा पंप वापरणाऱ्यांनी तो २३० व्होल्टवर चालतो हे विसरू नये: पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा आणि जोडणी मोठ्या माणसाने तपासलेली असावी.

थेट नळाला नळी जोडून ही सर्व खटपट वाचवता येईल, असे अनेकांना वाटते. गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब घरात कोणी दुसरा नळ सोडला की बदलतो, आणि धुण्याच्या वेळी घेतलेली मोजमापे दुपारच्या मोजमापांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा स्टुलावरची बादली बरी.

नळीतही दोन गोष्टी पाहाव्या लागतात. नळीला मध्येच वर उचललेले वळण असेल तर त्यात हवा अडकते आणि विसर्ग घटतो. म्हणून ती बादलीपासून नोझलपर्यंत सतत उतरती ठेवावी. नळी फार अरुंद असेल तर दाबाचा मोठा वाटा तिच्या आतल्या घर्षणातच जातो. हे ओळखण्यासाठी नोझल जवळजवळ सरळ वर धरावे आणि धार किती उंच जाते ते पाहावे. ती बादलीतील पातळीच्या बरीच जवळ पोहोचली तर नळी ठीक आहे. निम्म्यावरच वळून खाली येत असेल तर अधिक रुंद आणि आखूड नळी घ्यावी.

टब, आस आणि डिंक

वरची बादली रिकामी होत असताना खालचा टब भरत असतो, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. टबातील पाणी चाकाच्या खालच्या चमच्यांना शिवू लागले की प्रत्येक फेऱ्यात त्यांना ते पाणी ढकलावे लागते आणि चाक मंदावते. टब मोठा घ्यावा, किंवा चाकाचा सर्वांत खालचा चमचा टबाच्या काठापेक्षा वर राहील असे आसाचे आधार उंच करावेत. खऱ्या वीजकेंद्रातही असे धारेच्या जोरावर फिरणारे चाक बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या वर मोकळे ठेवतात, ते याच कारणासाठी.

आसासाठी अनेक जण बांबूची काडी वापरतात, कारण ती सहज मिळते आणि तिच्यात चमच्याचे दांडे खोचता येतात. ही काडी पाण्याने फुगते. पहिल्या खेपेला भोकात सैल फिरणारी काडी अर्ध्या तासाने घट्ट होते आणि दोष मात्र त्या वेळी तपासल्या जाणाऱ्या चाकावर येतो. सायकलची स्पोक आणि आधारासाठी रिकाम्या रिफिलचे दोन तुकडे, ही जोडी मला सर्वांत विश्वासू वाटते. रिफिलमध्ये स्पोक सैलसर फिरते आहे एवढी खात्री करून घ्यावी. घर्षण बदलले का, हे पाहण्यासाठी पाणी न सोडता चाकाला ठरावीक खुणेपासून एक सारखाच झटका द्यावा आणि ते थांबायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी हा आकडा साधारण सारखाच हवा.

चमचे चिकटवण्यासाठी ग्लू-गनचा डिंक वापरला असेल तर त्यावरही विसंबू नये. गुळगुळीत प्लास्टिकवर त्याची पकड मुळातच कच्ची असते, आणि सतत पाणी आपटत राहिले की चमचा पडत नाही, पण किंचित वळतो. वळलेला चमचा वळलेला आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. झाकणाच्या कडेला खाचा पाडून दांडा त्यात रुतवावा आणि बारीक तारेने बांधावा. डिंक लावायचा तर त्यावरून लावावा.

एक सूचना रचनेविषयी. वेगवेगळ्या संख्येच्या चमच्यांसाठी वेगवेगळी चाके बनवली की प्रत्येक चाकाचा मध्य, वजन आणि आसाची पकड वेगळी होते आणि तुलना चमच्यांच्या संख्येची राहत नाही. त्याऐवजी एकाच झाकणावर समान अंतरावर २४ खाचा पाडाव्यात. त्यांतून १२, ८, ६ आणि ४ चमचे समान अंतराने बसवता येतात आणि आस, आधार, वजन उचलण्याचे रीळ यांपैकी काहीही बदलावे लागत नाही.

धार चमच्यावर नेमकी कुठे पडते

आकडे एकाच दिशेने न सरकता वरखाली होत असतील तर बहुधा नोझल हलत असते. हाताने धरलेल्या नोझलने घेतलेली मोजमापे सरळ बाजूला ठेवावीत. नोझल लाकडी ठोकळ्याला घट्ट बांधून तो ठोकळा पाटावर खिळ्यांनी पक्का करावा आणि आसाच्या आधारांची जागाही त्याच पाटावर पेन्सिलने आखून ठेवावी.

काही मिलिमीटरनी एवढा फरक का पडतो, हे चमच्याच्या आकारावरून कळते. सपाट पात्यावर आपटलेले पाणी बाजूला पसरते. अशा पात्यांच्या चाकाला, कोणतेही घर्षण नसले तरी, धारेच्या ऊर्जेतील जास्तीत जास्त निम्मा भाग मिळू शकतो. खोलगट पात्यात पाणी वळून आल्या दिशेने मागे फिरते आणि पात्याला जवळपास दुप्पट धक्का देते, म्हणून सिद्धांततः सर्व ऊर्जा काढून घेता येते. मात्र धार चमच्याच्या बरोबर मध्यावर पडली तर मागे फिरणारे पाणी येणाऱ्या धारेलाच आडवे येते. लेस्टर पेल्टन यांनी कॅलिफोर्नियात बनवलेल्या आणि १८८० मध्ये पेटंट घेतलेल्या चाकात प्रत्येक पात्याच्या मधोमध एक धारदार कणा असतो. तो धारेचे दोन भाग करतो आणि पाणी दोन्ही बाजूंनी वळून बाहेर पडते. खोपोलीला १९१५ मध्ये सुरू झालेल्या जलविद्युत केंद्रात घाटावरून सुमारे पाचशे मीटर खाली येणारे पाणी याच जातीच्या चाकांवर सोडले गेले. आपल्या चमच्याला कणा नाही, त्यामुळे धार मध्यापासून थोडी बाजूला घेऊन पाहावी, सर्वांत चांगली जागा सापडली की नोझल तिथेच पक्के करावे आणि पुढच्या सर्व चाचण्यांत ते हलवू नये.

नुसते फेरे मोजून भागत नाही

मोजमापे जुळू लागली तरी एक चूक उरते, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी आहे. अनेक प्रकल्पांत चाकावर काहीही भार न लावता मिनिटाला होणारे फेरे मोजतात आणि जास्त फेरे घेणारे चाक श्रेष्ठ ठरवतात. मोकळे फिरणारे चाक आसाच्या घर्षणाखेरीज कशाशीही झगडत नाही, म्हणून त्याचे फेरे रचनेपेक्षा आसाविषयीच अधिक सांगतात. चाकाने काम केले पाहिजे आणि ते काम मोजले पाहिजे.

यासाठी आसावर दोऱ्याचे रिकामे रीळ बसवून त्याला बारीक शिवणदोरा बांधावा, दोऱ्याच्या टोकाला लहान पिशवी लटकवावी आणि तिच्यात नट टाकून स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे. सुतळी वापरू नये. दोन सेंटिमीटर व्यासाच्या रिळावर एक मीटर दोरा गुंडाळायला सुमारे १६ फेरे लागतात, आणि एक मिलिमीटर जाडीची सुतळी स्वतःवरच चढली की त्रिज्या एकदम १० टक्क्यांनी वाढते. दोऱ्यावर एक मीटर अंतराने शाईच्या दोन खुणा कराव्यात. पहिली खूण सुरुवातीच्या टोकापासून वीस-पंचवीस सेंटिमीटर पुढे असावी, म्हणजे चाकाने वेग घेतल्यानंतरच घड्याळ सुरू होते.

उदाहरणादाखल असे समजू की एका चाकाने ४० ग्रॅम वजन एक मीटर उचलायला ३ सेकंद घेतले, १०० ग्रॅमला ४.८ सेकंद आणि १६० ग्रॅमला १२ सेकंद. किलोग्रॅममधील वजनाला गुरुत्व-त्वरणाने (९.८) आणि मीटरमधील उंचीने गुणून वेळेने भागले की शक्ती अनुक्रमे ०.१३, ०.२० आणि ०.१३ वॅट येते. हलक्या वजनाला चाक जोरात फिरते पण काम थोडे होते, जड वजनाला ते रडतखडत चालते, आणि सर्वाधिक शक्ती मधेच कुठेतरी मिळते. हा मध्य साधारणपणे मोकळ्या वेगाच्या निम्म्यावर येतो. ८० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याची धार सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने येते, म्हणून चमच्यांचा वेग २ मीटरच्या आसपास हवा. चमच्यांचे वर्तुळ १६ सेंटिमीटर व्यासाचे असेल तर मिनिटाला सुमारे २४० फेरे होतात. प्रत्येक रचनेचा हा मध्य वेगळ्या वजनावर येऊ शकतो, त्यामुळे सर्व रचनांना एकच वजन देऊन तुलना करणे अन्यायाचे ठरते. प्रत्येक रचनेला निदान पाच वेगवेगळी वजने द्यावीत आणि तिच्या सर्वोत्तम शक्तीचीच तुलना करावी.

कार्यक्षमता काढण्यासाठी विसर्गही हवा. लिटरभर मापाऐवजी दहा लिटरची बादली भरायला लागणारा वेळ मोजावा, कारण घड्याळ दाबण्यातली पाव-अर्ध्या सेकंदाची चूक लांब वेळेत नगण्य होते. सेकंदाला ०.०९ लिटर विसर्ग आणि ८० सेंटिमीटर उंची असेल तर पाण्याची शक्ती ०.७१ वॅटच्या आसपास येते. वरच्या उदाहरणातील चाक तिच्यापैकी २९ टक्के उपयोगात आणते. चमच्यांच्या चाकासाठी हा आकडा लाज वाटण्यासारखा मुळीच नाही. उत्तर ९५ टक्के आले तर आनंद मानण्यापूर्वी विसर्ग पुन्हा मोजावा.

ही पद्धत नवी नाही. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने पाणचक्क्यांच्या लहान प्रतिकृतींवर केलेले प्रयोग १७५९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्याने हातपंपाने पाणी पुन्हा वर चढवून टाकीतील पातळी स्थिर राखली होती, दोरीने वजन उचलून काम मोजले होते आणि पाणी बंद असताना चाक त्याच वेगाने फिरवायला किती वजन लागते हे पाहून घर्षणाचा हिशेब वेगळा काढला होता. त्याचा हा शेवटचा उपाय आपल्याकडील मुले क्वचितच वापरतात. रिळावर दोरा उलटा गुंडाळून तो सहज करता येतो.

एलईडी पेटत नसेल तर

हा प्रश्न वेगळा आहे, पण त्याच्यामुळे चांगली चाके टाकून दिली जातात. खेळण्यातील मोटर मिनिटाला काही हजार फेरे घेण्यासाठी बनवलेली असते. तिला अडीचशे-तीनशे फेऱ्यांनी फिरवले तर व्होल्टचा लहानसा अंशच मिळतो, आणि लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट तर पांढऱ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. मोठी पुली आणि रबरबँड लावून फेरे वाढवावेत किंवा जुन्या प्रिंटरमधील स्टेपर मोटर घ्यावी, जी कमी वेगातही बरा व्होल्टेज देते. चाकांच्या रचनांची तुलना मात्र वजनानेच करावी, कारण एलईडी एकतर पेटतो किंवा पेटत नाही आणि त्यातून मोजमाप हाती लागत नाही.

त्या दोन विद्यार्थिनींनी पातळी स्थिर केली, टब बदलला आणि एका झाकणावर २४ खाचा पाडून सर्व चाचण्या आधी वाढत्या आणि मग उतरत्या क्रमाने घेतल्या. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी त्या आठ चमच्यांची तीच रचना १०० ग्रॅमवर चालवून पाहत. दोन्ही वेळा साधारण तोच आकडा आला नाही तर त्या दिवसाची मोजमापे त्या धरत नसत. तिसऱ्या तक्त्यात चार चमच्यांची रचना स्पष्टपणे मागे होती, कारण दोन चमच्यांमधून धारेचा काही भाग न आपटताच निघून जात होता. आठ आणि बारा यांची मोजमापे एकमेकांत मिसळलेली होती, म्हणून त्यांच्यापुढे "या मांडणीवर फरक सांगता येत नाही" असे त्यांनी लिहिले. परीक्षकांना हे वाक्य खटकेल अशी भीती त्यांना होती. मी ते खोडू दिले नाही. प्रदर्शनाच्या ठिकाणी टेबल किती उंच असेल हे माहीत नसल्यामुळे त्यांनी स्टूल आणि पाटासोबत ८० सेंटिमीटर लांबीची एक सरळ काठीही नेली आणि तिथे पोहोचल्यावर सर्वांत आधी तिने नोझलपासून पाण्याच्या पातळीपर्यंतचे अंतर लावून घेतले.